थांबवून ठेवलेली वर्षं

वकीलबाईंना बसायला मिळाला तो नेमका स्प्रिंगा उघड्या पडलेला सोफा. दुसऱ्यांचे सोफे-खुर्च्या मढवून देणाऱ्या या घरात पाहुण्याला धड बसायला जागा कधीच नसायची, आणि त्याची लाज वाटणं घरच्यांनी केव्हाच सोडून दिलं होतं. धाकट्या लेकीने घाईघाईने फोमचा एक तुकडा आणून स्प्रिंगांवर टाकला. वकीलबाई त्यावर अर्ध्याच टेकल्या, पिशवी पायाशी ठेवली आणि चष्मा पुसायला लागल्या. वाईट बातमी सांगायच्या आधी त्या चष्मा पुसतात हे आता सगळ्यांना ठाऊक झालं होतं. त्या पुसत होत्या तोवर कुणी हललंसुद्धा नाही.

रविवारची दुपार होती. कारागिरांना सुट्टी, कारखान्याचं शटर अर्धं खाली ओढलेलं. घर वरच्या मजल्यावर होतं, पण तुरुंगातल्या मधल्या मुलाविषयी काही बोलायचं असलं की सगळे खाली उतरत. वर भिंतीला लागून शेजारी होते, आणि शेजाऱ्यांचे कान या घराला चांगलेच परिचयाचे झाले होते.

मधल्याचा दयेचा अर्ज राष्ट्रप्रमुखांनी फेटाळला होता. फाशीची तारीखही निघाली होती. वकीलबाईंनी धावपळ करून ती मंगळवारच्या सुनावणीपर्यंत कोर्टाकडून थांबवून घेतली होती. मंगळवारनंतर ठोठावायला दार उरलेलं नव्हतं. हे घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं आणि प्रत्येक जण दुसऱ्याला ते माहीत नसल्यासारखं वागत होता.

"मी एकच विचारते," आई म्हणाली. ती कापडाच्या गठ्ठ्यावर बसली होती, गुडघ्यांवर दोन्ही हात ठेवून. "मंगळवारी न्यायाधीश त्याला विचारतील ना, की बाबा, आत माणसं झोपलीत हे तुला माहीत होतं का?"

धाकटीने डोळे मिटले. हा प्रश्न आईने आजवर पोलिसांना, तीन कोर्टांतल्या वकिलांना, तुरुंगाच्या फाटकावरच्या शिपायाला आणि एकदा तर बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला विचारला होता. धाकटी हॉस्पिटलात नर्स होती. आपलं माणूस गेल्यावरही पुन्हापुन्हा रिपोर्ट मागणारे नातेवाईक तिने खूप पाहिले होते, आणि त्यांच्याशी कसं बोलायचं हे तिला जमायचं. आईशी मात्र जमत नसे.

"नाही, आई," वकीलबाई म्हणाल्या. "ते विचारणार नाहीत."

"का नाही? तो म्हणाला होता ना. त्याला वाटलं गोडाऊन रिकामं आहे. चौकीदाराची बायको-पोरं त्याच दिवशी गावाहून आली होती, त्याला कुठून कळणार? आग लावली, ते वाईटच केलं. मी कधी नाही म्हटलं? पण जाणूनबुजून माणसं जाळणारा पोर माझा नाही."

"तीन कोर्टांनी सांगितलं की त्याला माहीत होतं. पुनर्विचाराचा अर्जही झाला. ते आता कायमचं झालं." वकीलबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "मंगळवारचं कोर्ट ते पुन्हा उघडू शकत नाही. दया दाखवायला हवी होती की नको, हेसुद्धा ते ठरवत नाही. ते राष्ट्रप्रमुखांचं काम. कोर्ट फक्त एवढंच बघणार, की 'नाही' म्हणताना ते नीट म्हटलं का. सगळे कागद त्यांच्या समोर होते का. मनाला येईल तसं केलं का. आणि उत्तर द्यायला इतकी वर्षं लावली, ती कशामुळे."

"म्हणजे माझ्या पोराने काय केलं ते बघायचं नाही. साहेबांनी कागद कसे हलवले ते बघायचं."

"साधारण तसंच."

"छान आहे," आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि धाकटीला त्याचीच जास्त धास्ती वाटली.

वकीलबाई पुढे म्हणाल्या, "हे ऐकायला विचित्र वाटतं, मला कळतं. पण आपला जो काही आधार आहे तो तिथेच आहे. एखाद्याला आज मारू, उद्या मारू असं करत वर्षानुवर्षं कोठडीत बसवून ठेवलं आणि त्याला काही कारणच नसलं, तर ती एक वेगळी शिक्षा होते. जी कुठल्याच कोर्टाने दिलेली नव्हती. तेवढ्यावर कोर्ट फाशीची जन्मठेप करू शकतं. तुमच्या मुलाची फाइल गृहखात्यात पडून राहिली ती वर्षं थोडीथोडकी नाहीत. मला वाटत होतं आपलं काम होईल."

"वाटत होतं?" चिंगीने विचारलं. चिंगी मधल्याची लेक. बापाला पकडलं तेव्हा ती शाळेतही जात नव्हती; तिची आई तिला सोडून दुसरा संसार करायला गेली, आणि बापाच्या थोरल्या भावाने, दादाने, आणि वहिनीने तिला वाढवलं. आता ती औषधांच्या दुकानात काउंटर सांभाळत होती. बोलण्यातलं क्रियापद कुठल्या काळातलं आहे याकडे तिचं फार लक्ष असे.

"काल सरकारचं उत्तर आलं." वकीलबाईंनी सगळ्यांच्या तोंडांकडे एकदा बघून घेतलं. "ते म्हणतात, उशीर आम्ही केला नाही, यांच्या घरच्यांनी करवला. कैद्याचा भाऊ दरवर्षी येऊन सांगायचा, आम्हाला आणखी कागद जोडायचे आहेत, तोवर फाइल वर पाठवू नका. आणि कागद कधी दिलेच नाहीत. आपल्याच बाजूने झालेला उशीर कोर्ट मोजत नाही. म्हणून मला आज कळायला हवं. हे खरं आहे का?"

कुणी दादाकडे बघितलं नाही. ते बघायचं टाळणंच पुरेसं होतं.

*

वहिनीला ठाऊक होतं. नवऱ्याने तिला कधी सांगितलं नव्हतं, पण संसारात सांगायला लागतं असं नाही. वर्षातून एकदा गृहखात्याच्या कचेरीतल्या खुर्च्यांच्या दुरुस्तीचं काम असायचं. फाटलेलं रेक्झिन बदलायचं, दबलेल्या गाद्यांत भर घालायची. हे काम कुठलाही कारागीर करून आला असता. तरी दादा स्वतः जायचा, इस्त्रीचा शर्ट घालून. खुर्च्या दुरुस्त करायला इस्त्रीचा शर्ट घालणारा माणूस तिने दुसरा पाहिला नव्हता. संध्याकाळी परत आला की तो नेहमीपेक्षा दोन घास जास्त जेवायचा आणि म्हणायचा, "चला, हे वर्ष निघालं."

त्याचं एक तत्त्व होतं. गिऱ्हाईक कापड ठरवत नाही तोवर त्याची खुर्ची कोपऱ्यात उभी राहते. कोपऱ्यातली खुर्ची कुणी मोडीत काढत नाही. या हिशेबावर त्याने कारखाना चालवला होता, आणि त्याच हिशेबावर भावाला जिवंत ठेवलं होतं. तिला तेव्हाही हे बरोबर वाटत नव्हतं, पण दोन घास जास्त जेवणाऱ्या माणसाला तोंडावर काय सांगायचं, म्हणून ती मूग गिळून बसली होती.

"आमच्याकडचं कुणी गेलं नाही," वहिनी एकदम म्हणाली. "ते खुर्च्यांच्या कामाला जायचे. तेवढंच."

"अगं," दादा म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा हो."

"मी गेलो होतो." दादा भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या अंगठ्याला नेहमीसारखी पट्टी होती, वाकड्या सुईने टोचून घेतल्याची. "दरवर्षी जायचो. दोन ओळी लिहून द्यायचो, सही करायचो. तिथला कारकून चांगला माणूस होता. म्हणायचा, जोवर तुम्ही थांबा म्हणताय तोवर मला काय घाई आहे."

"आणि तुला कुणाला विचारावंसं वाटलं नाही?" धाकटीचा आवाज चढला. "वकिलांना? मला? दादा, आपल्याकडे तेवढा एकच मुद्दा होता. तो तू स्वतःच्या हाताने त्यांना लिहून दिलास."

"मुद्दा आहे हे मला काय माहीत? मला एवढंच कळत होतं की फाइल वर गेली की उत्तर येणार. आणि उत्तर काय येणार ते दिसतच होतं."

"दिसत होतं म्हणे. सगळं तुलाच दिसतं. आबांना कुठल्या दवाखान्यात न्यायचं तेही तुलाच दिसलं होतं."

"वडिलांना मध्ये आणू नकोस."

"मी आणेन. या घरात सगळं तू ठरवतोस आणि आम्हाला नंतर कळतं."

"गप्प बसा दोघंही," आई म्हणाली. "त्याने माझ्या पोराला इतकी वर्षं जगवलं. तू काय केलंस? इंजेक्शनं दिलीस लोकांना."

आई सहसा धाकटीच्याच बाजूने असायची. आज तिने जागा बदलली होती, तीही एका वाक्यात. धाकटीने मग वहिनीकडे पाहिलं. गेली कित्येक वर्षं या दोघींचं एकमेकींशी कामापुरतंच बोलणं होतं. पण वहिनीने हलकेच मान डोलावली, आणि दोघींच्या मनात एकाच वेळी तेच आलं.

"आपण नाही म्हणूया," धाकटी वकीलबाईंना म्हणाली. "भाऊ गेला होता, पण खुर्च्यांच्या कामाला. त्या ओळी त्याच्या नाहीत. त्या कारकुनाने लिहून घेतल्या असतील."

"हेच म्हणत होते मी," वहिनी म्हणाली.

"सही त्यांची आहे," वकीलबाई म्हणाल्या. "आणि मी खोटं प्रतिज्ञापत्र देणार नाही. दिलं आणि उघडं पडलं, तर त्या दिवशी सगळंच संपेल. त्याचं आणि माझंही."

बाहेर रस्त्यावर कुणीतरी स्कूटर चालू करत होतं आणि ती होत नव्हती. सगळे त्या आवाजाकडे लक्ष देऊन बसले होते. वहिनी चहाचे कप गोळा करायला उठली; एकाही कपातला चहा संपलेला नव्हता.

*

चिंगी त्या एका प्रश्नानंतर बोलली नव्हती, कारण तिला काय बोलायचं ते माहीत होतं. ते बोललं की काय होईल हे मात्र माहीत नव्हतं. औषधांच्या दुकानात ती एक गोष्ट शिकली होती: दोन गोळ्या वेगवेगळ्या निर्धोक असतात, एकत्र घेतल्या की माणूस आडवा होतो. आजीचं मन आणि तिच्याकडे असलेली गोष्ट, या दोन्ही गेली तीन-चार वर्षं तिने वेगवेगळ्या खणांत ठेवल्या होत्या.

वकीलबाई दादाला विचारत होत्या, "हे करायला त्यांनी तुम्हाला सांगितलं होतं का? माझ्या पक्षकाराने?"

"कुणी?"

"तुमच्या भावाने."

"नाही," दादा म्हणाला. "म्हणजे, त्याला नंतर कळलं."

"मग ते काय म्हणाले?"

दादाने अंगठ्यावरची पट्टी उलगडली आणि परत गुंडाळली.

"मी सांगते," चिंगी म्हणाली.

"चिंगे," दादा म्हणाला. तो तिला रागावून कधी बोलत नसे. आताही ते रागावणं नव्हतं, विनवणी होती.

"काका, तुम्ही सांगणार नाही. मला सांगू दे." ती वकीलबाईंकडे वळली, कारण आजीकडे बघून तिला बोलता आलं नसतं. "मी भेटायला गेले होते काकांबरोबर. बाबांनी काकांना हात जोडले जाळीतून. म्हणाले, दादा, हे थांबव. काय व्हायचं ते एकदा होऊन जाऊ दे. म्हणाले, पहाटे बाहेर पावलं वाजली की मला वाटतं माझ्यासाठीच आलेत. पावलं पुढे जातात आणि मी उरलेला दिवस उद्याच्या पहाटेची वाट बघत काढतो. म्हणाले, तू मला जगवत नाहीयेस. रडत होते बाबा. काकाही रडत होते. आणि पुढच्या वर्षी काका परत कचेरीत गेले."

धाकटीने तोंडावर हात ठेवला. वहिनी कपांचा ट्रे हातात धरून तशीच उभी राहिली. तिला नवऱ्याचे ते दोन जास्तीचे घास आठवले.

वकीलबाई मात्र पुढे सरकून बसल्या, इतक्या की फोमचा तुकडा सटकून खाली पडला. "हे तुम्ही स्वतः ऐकलंत? तुमच्या कानांनी?"

"हो."

"आणि तुम्ही," त्या दादाला म्हणाल्या, "त्यांनी नको म्हटल्यावरही गेलात?"

"गेलो."

"त्यांची परवानगी नव्हती, सही नव्हती, आणि त्यांनी स्पष्ट नको सांगितलं होतं." त्या स्वतःशीच बोलत होत्या. मग सावकाश, प्रत्येकाला समजावं असं म्हणाल्या, "ऐका. उशीर त्यांनी मागितला असेल, तर तो त्यांच्या खात्यावर. पण दुसऱ्याच कुणी, त्यांच्या मनाविरुद्ध मागितला असेल, तर तो त्यांच्या खात्यावर कसा टाकणार? आणि सरकारने त्यांना एकदाही विचारलं नाही, की हे तुमचा भाऊ म्हणतो ते तुम्हाला मान्य आहे का. त्यांच्या जिवाची फाइल, आणि थांबवली कुणाच्या तरी दोन ओळींवर. हे मला कोर्टापुढे मांडता येईल. जिंकूच असं मी म्हणत नाही. पण उभं राहायला जागा झाली."

"म्हणजे करायचं काय?" धाकटीने विचारलं.

"तुमच्या मोठ्या भावाने शपथेवर सांगायचं, की तो हात जोडून सांगत होता आणि मी ऐकलं नाही. मुलीने सांगायचं, की मी ऐकलं. आणि त्यांनी स्वतः सही करायची, की हो, असंच झालं."

मग आईने तोंड उघडलं.

"माझं पोर मरायला तयार होतं," ती म्हणाली. "असं म्हणाला तो?"

"आजी—"

"आणि तुम्ही दोघं घरी येऊन म्हणालात, बरा आहे, जेवण जातंय, तुला नमस्कार सांगितलाय."

चिंगीला रडू फुटलं. दादा आईसमोर येऊन खाली बसला, लहानपणी आबांचा मार चुकवायला बसायचा तसा, तिच्या गुडघ्यांशी. आईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही आणि त्याला दूरही लोटलं नाही.

"तो मेला असता तर मी काय केलं असतं, आई?" दादा म्हणाला. "मला दुसरं काही सुचलंच नाही. त्याचं ऐकलं असतं तर मीच त्याला मारल्यासारखं झालं असतं. नाही ऐकलं तर रोज मारत राहिलो. तुझ्या लेकाला कुठलंच नीट करता आलं नाही."

"लिहा," आई वकीलबाईंना म्हणाली. "पोराला मरायचं होतं हे सांगून पोर वाचत असेल तर तेही लिहा. पण त्याच्याखाली एक ओळ लिहा. त्याला माहीत नव्हतं आत माणसं आहेत."

"ते नाही लिहिता येणार, आई."

"एक ओळ."

"ती एक ओळ बघितली की समोरचा वकील म्हणेल, हे जुनं उकरायला आलेत. आणि न्यायाधीश आपलं बाकीचंही बाजूला ठेवतील. मी तुमच्या मुलाचा जीव वाचवायचा प्रयत्न करतेय. त्याचं नाव स्वच्छ करणं आता माझ्या हातात नाही. कुणाच्याच नाही."

आईने त्यांच्याकडे बघितलं, एखाद्या चांगल्या घरच्या मुलीने काहीतरी वेडंवाकडं बोलल्यावर तिच्याकडे बघावं तसं. "ठीक आहे," ती म्हणाली. "उद्या मीही येते तुरुंगावर."

*

आईला आत सोडलं नाही. भेटीसाठी एकाच नातेवाइकाचं नाव कळवलं होतं, आणि फाटकावरच्या शिपायाचा नाइलाज होता. तो तिला ओळखत होता. त्याने तिच्यासाठी सावलीत स्टूल आणून ठेवलं. चिंगी तिच्याजवळ थांबली. दादा वकीलबाईंबरोबर आत गेला.

भेटीच्या खोलीला नुकताच चुना लावला होता. जाळीच्या पलीकडे मधला बसला होता, आणि त्याचे केस दादापेक्षा पांढरे झाले होते. वकीलबाईंनी त्याला सगळं समजावून सांगितलं, कागद अधिकाऱ्याकडून तपासून घेतला, आणि मग शिक्क्याचं काही राहिलं म्हणून त्या अधिकाऱ्याबरोबर पलीकडच्या टेबलाशी गेल्या. कागद जाळीखालच्या फटीतून मधल्याकडे गेला होता. तो वाचत होता, ओठ हलवत, शाळेत वाचायचा तसा. दादा त्याला शाळेत सोडायला जायचा. त्याला ते नको त्या वेळी आठवलं.

"सगळं खरं लिहिलंय," मधला म्हणाला. "तुझ्याविषयी जरा जास्तच."

"सही कर."

"हे कोर्टात वाचतील? तू ऐकलं नाहीस म्हणून? लोकांसमोर?"

"वाचू दे. सही कर."

मधल्याने पेन उचललं आणि परत ठेवलं. "दादा, मी तुला थांबव म्हणालो तेव्हा तू विचारलं नाहीस, का म्हणून."

"पावलांचं सांगितलंस ना."

"पावलांचं होतंच." त्याने टेबलाकडे एकदा बघितलं. वकीलबाई अधिकाऱ्याशी वाद घालत होत्या. त्याने आवाज खाली आणला. "आत कुणीतरी खोकलं होतं."

"कुठे?"

"गोडाऊनमध्ये. मी खिडकीशी होतो. काडी हातात होती, पेटवली नव्हती अजून. आतून खोकला आला. लहान मुलाचा. मी ऐकला, दादा. मला वाटलं, जाग येईल, पळतील. खरं म्हणजे काही वाटलंच नाही. आबांना त्या गोडाऊनच्या मालकाने भर बाजारात काय म्हटलं होतं, तेवढंच डोक्यात होतं. मी काडी पेटवली."

दादाच्या हाताखाली जाळीची तार होती. ती त्याने इतकी घट्ट धरली की अंगठ्यावरची जखम परत उघडली.

एवढी वर्षं. त्याला माहीत नव्हतं, हे आईने बसमध्ये अनोळखी बाईला सांगितलेलं, धाकटीने हॉस्पिटलात सोबतिणींशी भांडून सांगितलेलं, त्याने स्वतः तीन कोर्टांच्या पायऱ्यांवर उभं राहून सांगितलेलं. कोर्टांनी आपलं ऐकलं नाही म्हणून त्याने किती शिव्या घातल्या होत्या. काल वकीलबाई म्हणाल्या होत्या की तो प्रश्न कायमचा मिटला, आणि या क्षणापर्यंत त्याला तो सर्वांत मोठा अन्याय वाटत होता. त्याला भावाचा राग आला. मग भीती वाटली. आणि त्याच्यामागोमाग एक सुटल्यासारखं वाटलं, की उद्या हे कुणी विचारणार नाही. आणि त्या सुटण्याची त्याला इतकी शरम वाटली की त्याला समोर बघवेना.

"हे मला का सांगितलंस?"

"तू उद्या शपथेवर सांगणार आहेस, की हा सांगत होता आणि मी ऐकलं नाही. मग एकदा तरी ऐक. मला जगव नाहीतर नको जगवू. पण कुणाला जगवतोयस ते माहीत असू दे तुला." मधला थांबला. "आता सांग. करू सही?"

हा प्रश्न दादाला कुणी कधी विचारला नव्हता. तो आपला दरवर्षी इस्त्रीचा शर्ट घालून जात होता. थांबवायचं की नाही हे त्याने ठरवलं असं कधी झालंच नव्हतं. आता ठरवायचं होतं. त्या खोकणाऱ्या पोराचं वय त्याला कोर्टात ऐकून पाठ झालं होतं. ते आठवून घ्यायला त्याला वेळ लागला नाही. आठवून झाल्यावर तो म्हणाला, "कर."

"ऐकलंस ना पण तू?"

"ऐकलं. कर सही."

मधल्याने सही केली. त्याचं अक्षर अजून चांगलं होतं.

बाहेर आल्यावर वकीलबाई कागद घेऊन पुढे गेल्या, चिंगी त्यांच्याबरोबर रिक्षा बघायला धावली. आई स्टुलावरून उठून उभी होती.

"केली सही?"

"केली."

"कसा आहे?"

"केस पिकलेत."

"आणि ते?" आई म्हणाली. "विचारलंस त्याला?"

"आई, ते आता कोर्ट विचारत नाही. काल सांगितलं ना त्यांनी."

"कोर्ट नसेल विचारत. मी विचारतेय."

शिपायाने स्टूल उचललं आणि तो आत निघून गेला. दादाने आईकडे बघितलं. उद्या त्याला शपथेवर खरं बोलायचं होतं, आणि ते त्याला जमेल याविषयी त्याला शंका नव्हती.

"माहीत नव्हतं त्याला," तो म्हणाला. "आजही तेच म्हणाला."

आई त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने पदराने त्याचा रक्ताळलेला अंगठा पुसला, पट्टी नीट बांधली, आणि "बरं," एवढंच म्हणाली. त्यानंतर तिने तो प्रश्न कुणालाच विचारला नाही.